मापात पाप नको : व्यवस्थापनशिक्षण आणि समाजाचे ऋण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचा असतो. आपण व्यापारी समाजातली माणसे. दिवाळीला नव्या वहीची पूजा करण्यापूर्वी जुन्या वहीची बाकी काढायची, हा संस्कार आपल्याला घरातूनच मिळाला आहे. ट्रस्टच्या वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची बाकी आज येथे अनेकांनी कृतज्ञतेने काढली. मला मात्र उद्याच्या वहीविषयी बोलावयाचे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने व्यवस्थापनशास्त्राचे महाविद्यालय सुरू करावे, असा काही दानशूर मंडळींचा प्रस्ताव विश्वस्तांसमोर आहे. अशाच एका संस्थेत माझी अनेक वर्षे अध्यापनात गेली. म्हणून एकच प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थेने समाजाचे काही भले केले, हे कशावरून ओळखावे आणि ते प्रांजळपणे कसे दाखवावे?

पगाराचे माप

आजवरचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे पगार. लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने १९९९ पासून एम.बी.ए. अभ्यासक्रमांची जागतिक क्रमवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तीत अनेक वर्षे १०० पैकी ४० गुण माजी विद्यार्थ्यांचा पगार आणि त्यातील वाढ यांसाठी राखलेले होते. हे वजन २०२३ मध्ये कमी करण्यात आले. आपल्या केंद्र सरकारची एन.आय.आर.एफ. ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्या पाच निकषांत स्त्रिया, परप्रांतीय, दुर्बल घटकांतील व दिव्यांग विद्यार्थी यांना संस्थेने किती सामावून घेतले, याचाही विचार होतो. मात्र व्यवस्थापन संस्थांच्या बाबतीत त्या निकषाचे वजन १०० पैकी १० इतकेच आहे.

पगार हे माप सर्वस्वी खोटे नाही. गरीब घरातील मुलाला चांगली नोकरी लागली, तर त्या घराचे दैन्य फिटते. परंतु पगार हा व्यक्तीचा लाभ झाला. त्यातून समाजाला काय मिळाले, हे वेगळे मोजावे लागते. शिवाय जो मुलगा मुळातच हुशार आणि सधन घरातला होता, त्याला आपल्या संस्थेत न येताही तेवढाच पगार मिळाला असता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपण नसतो तर जे घडलेच असते, त्याचे श्रेय आपल्या खात्यावर जमा करणे ही हिशेबातील चूकच होय.

जगाने शोधलेली नवी मापे

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर व्यवस्थापन शिक्षणावर कठोर टीका झाली. सावकारी पेढ्या बुडविणारी माणसे नामांकित संस्थांतून शिकून आलेली होती. २००९ मध्ये हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी पदवी घेताना सचोटीची शपथ घेण्याची प्रथा सुरू केली. आपल्याला यात नवल वाटू नये. आचार्य तुलसी यांनी १९४९ मध्येच अणुव्रत आंदोलनातून व्यापाऱ्याला, अधिकाऱ्याला, विद्यार्थ्याला छोट्या छोट्या व्रतांचे आवाहन केले होते. परंतु व्रत घेणे वेगळे आणि ते पाळले गेले की नाही हे पाहणे वेगळे. त्यासाठी मोजमापाची गरज भासू लागली.

त्याआधी, २००७ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे तयार झाली. ती मान्य करणाऱ्या संस्थेने आपल्या प्रगतीचे निवेदन वेळोवेळी जाहीर करावे, अशी अट आहे. अमेरिकेत १९१६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज देशोदेशीच्या संस्थांना मान्यता देणाऱ्या ए.ए.सी.एस.बी. या संघटनेने २०२० च्या मानकांत समाजावरील प्रभावाला स्वतंत्र स्थान दिले. फ्रान्समध्ये तयार झालेल्या आणि पुढे ई.एफ.एम.डी. या युरोपीय संस्थेने इतर देशांत नेलेल्या पद्धतीत संस्थेने प्रथम आपले ‘प्रभावक्षेत्र’ आखून घ्यावयाचे असते, म्हणजे आपला जिल्हा किंवा आपला प्रांत. मग त्या क्षेत्रात संस्थेचा व विद्यार्थ्यांचा किती खर्च झाला, किती नवे उद्योग उभे राहिले, स्थानिक धंद्यांना संशोधनाचा काय उपयोग झाला, याचा पुराव्यासह लेखा मांडावयाचा आणि बाहेरचे तज्ज्ञ येऊन तो तपासणार.

ब्रिटनने आणखी एक मार्ग स्वीकारला. तेथील विद्यापीठांच्या संशोधन मूल्यांकनात विद्यापीठाबाहेरील प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन देण्यात आले. संशोधनामुळे कोणाचे काय बदलले, याची सविस्तर कथा पुराव्यानिशी लिहावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘पॉझिटिव्ह इम्पॅक्ट रेटिंग’ या उपक्रमात तर विद्यार्थीच आपल्या संस्थेचे मूल्यमापन करतात, आणि संस्थांना पहिला-दुसरा असे क्रमांक न देता पाच पातळ्यांत विभागले जाते.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. एका आकड्यात सत्य मावत नाही. ज्या धर्माने जगाला अनेकान्ताची दृष्टी दिली, त्या धर्माच्या अनुयायांना हे निराळे सांगावयास नको. पगार, संशोधन, स्थानिक उद्योग, दुर्बलांचा प्रवेश, विद्यार्थ्याचे चारित्र्य हे सारे त्या सत्याचे अंश आहेत. एकच अंश उचलून तोच पूर्ण आहे असे म्हणणे म्हणजे एकान्त.

खोटे माप

तथापि माप कितीही चांगले असले, तरी ते ज्याच्या हाती आहे त्याची नियत महत्त्वाची. आपल्याकडे ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये कमी-अधिक मापे वापरण्याचा स्पष्ट समावेश आहे. तराजूत दांडी मारणारा दुकानदार जसा दोषी, तसाच अहवालात दांडी मारणारा प्राचार्यही दोषी.

हे केवळ उपदेशापुरते नाही. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठाच्या व्यवसायशाळेने क्रमवारीत अव्वल राहण्यासाठी खोटी माहिती पुरविल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले. तेथील माजी अधिष्ठात्यांना २०२१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले आणि २०२२ मध्ये १४ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो की, माप हेच साध्य झाले की ते माप म्हणून निरुपयोगी होते.

दुसऱ्यांचे दोष सांगताना स्वतःचा दोष झाकू नये. मी ज्या संस्थेत होतो, तेथील वार्षिक अहवालाचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. एका वर्षी आम्ही शंभर टक्के प्लेसमेंट असे मोठ्या अक्षरांत छापले. त्यात दुष्काळी तालुक्यातील एका हमालाचा मुलगा होता. त्याला विमा विकण्याची नोकरी लागली होती. चार महिन्यांनी तो दाखला मागण्यासाठी माझ्याकडे आला. नोकरी सोडल्याचे त्याने सांगितले. कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “सर, ज्यांना हप्ता झेपणार नाही हे मला दिसत होतं, अशा गावातल्याच माणसांच्या गळ्यात पॉलिसी बांधायला सांगत होते. माझ्याच्यानं ते झालं नाही.” त्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज होते, हे मला ठाऊक होते.

आमच्या छापील अहवालात तो ‘नोकरीस लागलेला’ राहिला, आणि पुढच्या पाहणीत ‘बेरोजगार’ झाला. त्याने पाळलेल्या व्रतासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. पुढे त्याने तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र काढले. आज त्याच्याकडे चार माणसे कामाला आहेत आणि उधारीवर बियाणे नेणारा शेतकरी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. माझ्या सेवेतील सर्वांत यशस्वी विद्यार्थी कोण, असे कोणी विचारले, तर मी त्याचे नाव घेईन. पण तेव्हा मी तो आकडा दुरुस्त केला नाही, ही माझी खंत आहे.

आपल्याच वडीलधाऱ्यांचा धडा

मापाचा खरा आदर्श आपल्याला परदेशातच शोधावा लागेल असे नाही. १९६१ मध्ये अहमदाबादला भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई आणि आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा दीर्घकाळ वाहणारे कस्तुरभाई लालभाई या दोन जैन कुळांतील पुरुषांचा मोठा वाटा होता. संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये संचालकपद स्वेच्छेने सोडले आणि ते तेथेच प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ पासून त्यांनी राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातील जवाजा या अवर्षणग्रस्त भागात विणकर आणि चर्मकार कुटुंबांसोबत काम केले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची त्यांना साथ होती. जेथे साधनसंपत्ती काहीच नाही असे म्हटले जात होते, तेथे माणसांच्या हातातील कसब हीच संपत्ती आहे, हे त्यांनी ओळखले. त्या कामाचे माप फार सोपे होते. आपण निघून गेल्यावर हे लोक स्वतःचा धंदा स्वतः चालवू शकतील काय?

आणि आपल्या मातीतील कर्मवीर भाऊराव पाटील! कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. कमवा आणि शिका या मार्गाने मुले आपल्या श्रमावर शिकली. मुलाचा पगार किती, हे कर्मवीरांचे माप नव्हते. ज्या घरात पूर्वी पाटी गेली नव्हती, त्या घरातील मूल शाळेत आले की नाही, हे त्यांचे माप होते. व्यवस्थापनाची पदवी नसलेला यापेक्षा मोठा व्यवस्थापक मला दिसत नाही.

आपण काय करावे?

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे की, इमारतीच्या नकाशापूर्वी मापाची वही तयार करावी.

पहिली गोष्ट, आपले प्रभावक्षेत्र ठरवावे. आपला तालुका, आपली बाजारपेठ, आपला जिल्हा. साऱ्या जगाचे कल्याण करतो असे म्हणणाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नाही.

दुसरी गोष्ट, आरंभीची स्थिती लिहून ठेवावी. बाजारपेठेतील किती दुकाने आज हिशेब नीट ठेवतात, किती बचतगटांना बँकेचे कर्ज मिळते, वसतिगृहातील किती मुले घरातील पहिलीच पदवीधर आहेत. आजचा आकडा नसेल, तर दहा वर्षांनी झालेला फरक कशाशी ताडून पाहणार?

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याची नोंद पदवीच्या दिवशी थांबवू नये. एका वर्षाने, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्याला विचारावे. जो मध्येच सोडून गेला, त्याला तर आवर्जून विचारावे.

चौथी गोष्ट, उत्तर बाहेरच्यांकडून घ्यावे. आपल्या विद्यार्थ्याने माल विकला त्या ग्राहकाला, त्याने कामावर ठेवलेल्या मजुराला विचारावे. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरी २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपन्यांचा हा वाटा १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना १ कोटी व त्यावरील प्रकल्पांच्या परिणामांची तपासणी स्वतंत्र यंत्रणेकडून करून घ्यावी लागते. जे कायद्याने कंपन्यांना करावे लागते, ते आपण धर्मबुद्धीने करावे.

पाचवी आणि सर्वांत कठीण गोष्ट. वार्षिक अहवालात एक पान अपयशासाठी राखावे. आपल्याकडे प्रतिक्रमणाची परंपरा आहे. जी माणसे आपल्या दोषांची आलोचना करतात, त्यांच्या संस्थेला ती करण्यात कमीपणा का वाटावा?

बंधू-भगिनींनो, आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण मानतो. महाविद्यालय काढणे हे ज्ञानदान आहे. पण दान घेणाऱ्याचे खरोखर कल्याण झाले की नाही, हे न पाहता केवळ शिलालेखावर नाव कोरले, तर ते दान अर्धेच राहते. परिग्रहाचे परिमाण ठरवावे ही आपल्याला दिलेली शिकवण आहे. आता सेवेचेही परिमाण ठरवू या. हे माप प्रामाणिक ठेवण्याची तयारी असेल, तर महाविद्यालय अवश्य काढा. तयारी नसेल, तर वसतिगृहात आणखी वीस मुलांची सोय करा. तेही लहान काम नव्हे.

पन्नास वर्षांनी ट्रस्टच्या शताब्दीला कोणीतरी येथे उभे राहील आणि आपली वही उघडेल. तिच्यात चुका असल्या तरी चालतील, परंतु मापात पाप नसावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!