नवी बॅटरी आणि आपला निधी
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



पुण्याच्या केपीआयटी कंपनीने येथील 'आयसर' संस्थेच्या सहकार्याने सिद्ध केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. सोडियम मिठातून मिळते. लिथियमसाठी मात्र परदेशांकडे पाहावे लागते. म्हणूनच आपला शिष्यवृत्ती-निधी नव्या बॅटरी-उद्योगांच्या शेअर्समध्ये आताच गुंतवावा, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे.

त्यांची दृष्टी आम्हांस मान्य आहे, मार्ग नाही. लिथियम बॅटरीवर १९७० च्या दशकात एक्सॉन या तेल-कंपनीने संशोधन केले व पुढे हात आखडता घेतला. लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली ती सोनीने, १९९१ साली. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची! स्वीडनची बलाढ्य नॉर्थव्होल्ट तर मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

ज्यास दहा वर्षे थांबवेल आणि बूड सोसवेल, त्याने स्वतःचा पैसा अवश्य घालावा. परंतु निधी ही गरजू विद्यार्थ्यांची ठेव आहे. ती पणास लावण्याचा अधिकार आपणांस नाही. त्याच निधीतून आपली एखादी कन्या हे रसायनशास्त्र शिकली, तर आपली गुंतवणूक सर्वांच्या आधीची ठरेल.