कर्करोगाचा जमाखर्च



आम्ही डॉक्टर नव्हे. युनियनच्या पावत्या फाडता फाडता जे वाचले, पाहिले, तेवढेच आमचे भांडवल. पण भोईवाड्यात राहणाऱ्याला कर्करोगाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. गावोगावचे रोगी वळकट्या घेऊन आमच्याच परळात उतरतात.

हा रोग कुणाला होतो आणि का, हा प्रश्न याच परळात शास्त्रीय रीतीने विचारला गेला. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग ताडून पाहिले. १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात सारा देश येतो. म्हणून नोंदणीने फक्त मुंबईचे रहिवासी मोजले आणि शिरगणतीशी त्यांचे प्रमाण काढले. तेव्हा कुठे तुलना शक्य झाली. अग्नीला पूज्य मानणारे पारशी धूम्रपान टाळतात. त्यांच्यात तंबाखूचे कर्करोग कमी, पण स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळला. उशिराचे लग्न, थोडी मुले आणि रक्तातला वारसा, तिन्हींचा विचार करावा लागला. ज्यातील दोष वारशाने येतो, ते बीआरसीए-१ जनुक १९९४ साली हाती लागले; तरी बहुतेक कर्करोग अशा वारशाने येत नाहीत.

मग आमचे काय? गिरणीच्या खात्यात विडीला बंदी, म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीने तंबाखू गालात धरली; घरी बायकांनी मिश्री लावली. आणि आम्ही पुढारी? बोनससाठी भांडलो, पण गेटसभेत चंची आम्हीच फिरवली. हा दोष आमचा.

कापसाच्या तुसाने छाती निकामी होते, हे सिद्ध आहे. म्हणून सारे कर्करोग मालकाच्या माथी मारले, तर ते भाषण होईल, शोध होणार नाही. परंतु सारे खापर कामगाराच्या सवयीवर फोडणेही तितकेच खोटे. अॅस्बेस्टॉसची धूळ कोणी हौसेने ओढीत नाही.

रोग उगवतो वीस-तीस वर्षांनी. तोवर खाते सुटलेले, कारखाना बंद झालेला. कागदावर मात्र 'धंदा: नोकरी' एवढेच! अशा नोंदीतून कुठला दोष पकडणार, आणि भरपाई कशी मागणार? म्हणून एवढेच मागणे: विचारणारा आला, तर कोणते खाते, किती वर्षे, कसली धूळ, हे सांगा, आणि तंबाखूही लपवू नका. खरी नोंद हाच आपला साक्षीदार.