आधी नाव, मग फोटो



मुंबई-नाशिक महामार्गावरून जाताना भिवंडीजवळचं वडपे आपण बहुधा गाडीच्या काचेतूनच बघतो. गोदामं, कंटेनरच्या रांगा, आणि आता आमणे इथं संपणाऱ्या समृद्धी महामार्गाची इकडे येणारी वाहतूक. अशा नाक्यांवर, पुलाखाली, टपरीच्या आडोशाला एकटीदुकटी माणसं रात्र काढतात. हल्ली प्रत्येकाच्या हाती मोबाइल असल्यानं त्यांचे फोटोही भरपूर निघतात. त्या फोटोंविषयी मला बोलायचं आहे.

बेघर माणसाचा फोटो म्हटला की सुरकुत्या, पिंजारलेली दाढी, पाणावलेले डोळे, आणि तेही कृष्णधवल! लांबून मोठी लेन्स लावून टिपलेला चेहरा सगळी चौकट व्यापतो. मला हे फोटो अपुरे वाटतात. सुरकुत्या नातवंडांत रमलेल्या आजोबांनाही असतात. एकटेपणा दिसतो तो माणसाच्या आसपास. उशाला घेतलेल्या पिशवीत, चोरीला जाऊ नयेत म्हणून डोक्याखाली ठेवलेल्या चपलांत, जवळून न थांबता जाणाऱ्या गाड्यांत. म्हणून समोर या, त्याच्याशी बोला, खाली बसा, कॅमेरा त्याच्या नजरेच्या उंचीवर आणा आणि ती आसपासची जागा फोटोत येऊ द्या.

2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून अधिक बेघर मोजले गेले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. भिवंडीत एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारा, भिशीत म्हणजे कामगारांच्या खाणावळीत जेवणारा यंत्रमाग कामगार या आकड्यात येत नाही. त्याला घर आहे. पण ते उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये नाहीतर तेलंगणात. 2020 च्या टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली आणि बोचकी डोक्यावर घेऊन माणसं याच महामार्गानं नाशिकच्या दिशेनं चालत निघाली. छापून आलेल्या फोटोंमुळे ती आपल्याला दिसली.

त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत पीटीआय वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार अतुल यादव यांना रस्त्याकडेला फोनवर रडणारा एक मजूर दिसला. त्यांनी फोटो काढला आणि ते तिथंच थांबले. कुठं जायचंय विचारलं, पाणी-बिस्किटं दिली. त्याचं तान्हं मूल बिहारमधल्या गावी दगावल्याचं नंतर कळलं. याउलट, 1936 मध्ये कॅलिफोर्नियात छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गाजला. पण लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळायला 1978 उजाडलं. त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असं तिनं तेव्हा सांगितलं. फोटो थोर आहे, यात शंका नाही. तरी बेचाळीस वर्षं ती बाई आपल्याच चेहऱ्यामागे निनावी राहिली, हे मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं आयुष्य वर्षानुवर्षं टिपलं. एवढा सहवास असला की माणूस कॅमेऱ्यासमोर भिकाऱ्यासारखा उभा राहत नाही, स्वतःसारखा राहतो.

तेव्हा तुमच्यापैकी जे तरुण फोटो काढायला बाहेर पडतात, त्यांना माझी विनंती आहे. आधी नाव विचारा, गाव विचारा. काढलेला फोटो त्यांना दाखवा. नको म्हणाले, तर मोबाइल खिशात ठेवा आणि तरीही दोन शब्द बोला. आणि झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका. त्याला नाही म्हणता येत नाही.