गादीवरून विधानसभेच्या बाकावर



१९५७ सालची लोकसभेची निवडणूक. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. मतदान केंद्रात आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे, पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं असे, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत आपला कागद टाकून बाहेर पडायचं. बडोद्यात त्या वर्षी बैलजोडीची जी पेटी होती, ती महाराजांची होती. श्रीमंत फत्तेसिंहराव गायकवाड काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे होते. संस्थान विलीन होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. ज्या गावात लोक अर्ज घेऊन राजवाड्याकडे जात, त्या गावात आता राजवाडाच लोकांकडे काही मागायला आला होता.

फत्तेसिंहरावांच्या राजकीय आयुष्यावर मी आज बोलणार आहे, आणि त्यातही मुख्यतः चार वर्षांवर. १९६७ ते १९७१ या काळात ते गुजरात विधानसभेचे सभासद आणि राज्याचे मंत्री होते. त्यांची दिल्लीतली खासदारकी लोकांना आठवते, क्रिकेट तर आठवतंच. या चार वर्षांचा विषय मात्र फारसा कोणी काढत नाही. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचा खरा कस तिथेच लागला, असं माझं मत आहे.

आधी थोडं मागे जाऊ. फत्तेसिंहरावांचा जन्म २ एप्रिल १९३० चा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक येऊन ज्यांनी बडोद्याचं नाव जगभर नेलं, ते सयाजीराव महाराज त्यांचे पणजोबा. वडील प्रतापसिंहराव हे बडोद्याचे शेवटचे राज्यकर्ते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना गादीवरून दूर करून फत्तेसिंहरावांना मान्यता दिली. म्हणजे एकविसाव्या वर्षी या तरुणाच्या हाती गादी आली. राज्य आलं नाही. वडील परदेशी, तनखा सरकारच्या हिशेबाने, आणि भोवती एक शहर, ज्याच्या प्रत्येक चौकात पणजोबांनी बांधलेलं काही ना काही उभं आहे.

अशा वेळी अनेक राजघराण्यांतली माणसं शिकारीत, शर्यतींत किंवा परदेशवाऱ्यांत रमली. त्यांना दोष द्यायचा नाही. करायला दुसरं काही उरलं नव्हतं. फत्तेसिंहरावांनी निवडणूक लढवली. आणि ती सोपी नव्हती, हे आज आपण विसरलो आहोत. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत गोळीबार झाला होता, महागुजरातची चळवळ पेटली होती, आणि द्विभाषिक मुंबई राज्य लादणारा पक्ष म्हणून काँग्रेसवर लोकांचा राग होता. अहमदाबादेतून इंदुलाल याज्ञिक काँग्रेसच्या विरोधात निवडून आले ते याच निवडणुकीत. तिकडे महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जागोजाग पाडलं. या दोन्ही लाटांच्या मधोमध, गुजराती मुलखात, मराठी घराण्यातला एक तरुण बैलजोडी घेऊन उभा राहिला आणि निवडून आला. वयाची सत्तावीस वर्षंही तेव्हा पूर्ण नव्हती.

हे यश घराण्याच्या नावाचं होतं, हे मान्य करायला हवं. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. त्या शाळांत शिकलेली पिढी तेव्हा मतदार होती. पणजोबांच्या शाळेने ज्याला अक्षर ओळखायला शिकवलं, त्याने पणतूच्या पेटीत मत टाकलं. यात मला कमीपणाचं काही वाटत नाही. नावावर पहिली निवडणूक जिंकता येते. पुढच्यांचं तसं नसतं.

दिल्लीत ते १९५७ ते १९६२ संरक्षण खात्याचे संसदीय सचिव होते. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते तो हा काळ. मधेच १९५९ साली ते भारतीय क्रिकेट संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. कर्णधार होते बडोद्याचेच दत्ताजीराव गायकवाड. पाचही कसोटी सामने आपण हरलो. तो दौरा आठवला की जुने बडोदेकर अजूनही गप्प होतात. स्वतः फत्तेसिंहराव रणजी करंडकात बडोद्याकडून खेळले होते आणि त्यांची सर्वांत मोठी खेळी ९९ धावांची. पुढे १९६३ ते १९६६ ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. लोकसभेवर ते १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले होतेच. क्रिकेटबद्दल मी एवढ्यावरच थांबतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आता १९६७.

या वर्षी त्यांनी दिल्ली सोडून राज्याच्या विधानसभेची वाट धरली. आणि एक लक्षात घ्या: त्याच निवडणुकीत बडोद्याची लोकसभेची जागा स्वतंत्र पक्षाने जिंकली. गुजरातेत स्वतंत्र पक्षाचं तेव्हा मोठं वजन होतं. विधानसभेच्या १६८ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या आणि स्वतंत्र पक्षाला ६६. जमीनदार, संस्थानिक आणि व्यापारी मंडळींचा हा आवडता पक्ष. एखाद्या महाराजाने तिकडे जाणंच स्वाभाविक होतं. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी गेल्याच होत्या. फत्तेसिंहराव काँग्रेसमध्येच राहिले. याच वर्षी दुसऱ्या एका मराठी राजघराण्यातूनही कोणीतरी राज्याच्या विधानसभेत आलं. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेस सोडून जनसंघाच्या बाजूने मध्य प्रदेश विधानसभेत गेल्या, आणि काही महिन्यांत त्यांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार खाली आणलं. शिंदे आणि गायकवाड, दोन्ही पेशव्यांच्या काळातले सरदार, एकाच वर्षी दोन राज्यांच्या विधानसभांत बसले. एक सरकार पाडण्याच्या बाजूला आणि एक सरकारात.

हितेंद्र देसाई मुख्यमंत्री होते. फत्तेसिंहरावांकडे जी खाती आली, ती ऐका: आरोग्य, मच्छीमारी आणि तुरुंग.

या खात्यांना झगमगाट नसतो. गृह किंवा अर्थ खातं मिळालं की लोक हार घेऊन येतात. तुरुंग खात्याच्या मंत्र्याकडे कैद्याची बायको येते. आरोग्य खात्याकडे येणारी तक्रार औषध संपल्याची असते, डॉक्टर जागेवर नसल्याची असते. मच्छीमारी खात्याकडे खारवा लोक येतात, बोटीचं आणि बर्फाचं गाऱ्हाणं घेऊन. महाराज म्हणून माणूस दरबारात उंच बसतो. या खात्यांत त्याला समाजाच्या अगदी खालच्या पायरीवरच्या माणसाचं ऐकून घ्यावं लागतं.

आणि यातलं प्रत्येक खातं त्यांच्या घराण्याच्या जुन्या कारभाराला कुठेतरी जाऊन भिडतं. आमच्या बडोद्याचं मोठं सरकारी रुग्णालय सयाजीरावांच्याच नावाचं आहे. ओखा मंडळ आणि द्वारका हा समुद्रकाठचा मुलूख बडोदे राज्याचा. ओख्याचं बंदर गायकवाडी कारभारातच उभं राहिलं. पणजोबांच्या काळी ही कामं हुजूर हुकमाने होत. पणतूला त्याच कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागावी लागे, मंत्रिमंडळाची संमती घ्यावी लागे, आणि सभागृहात विरोधी सभासदाने तारांकित प्रश्न विचारला तर उभं राहून उत्तर द्यावं लागे. पणजोबांना अशी उत्तरं देण्याची सक्ती नव्हती. बडोद्यात धारासभा त्यांनीच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन केली होती, पण अखेरचा शब्द महाराजांचा होता. १९६७ मध्ये अखेरचा शब्द सभागृहाचा होता आणि एका गायकवाडाने तो मान्य करून त्या बाकावर बसणं पत्करलं. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

त्यातच तनख्यांचा प्रश्न आला. १९६७ च्या जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द करण्याचा ठराव केला. ज्या पक्षाच्या सरकारात बसायचं, तोच पक्ष तुमचा तनखा आणि किताब काढून घ्यायला निघालेला! १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा गुजरातचं सरकार मोरारजी देसाईंच्या बाजूला, म्हणजे संघटना काँग्रेसमध्ये राहिलं, आणि फत्तेसिंहरावही तिकडेच राहिले. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारं विधेयक राज्यसभेत आलं. बाजूने १४९ मतं, विरोधात ७५. दोनतृतीयांशाला पूर्ण एक मतही कमी पडलं नव्हतं, तरी विधेयक पडलं. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने मान्यता काढून घेतली गेली, ती १५ डिसेंबर १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने परत दिली, आणि १९७१ च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने सगळंच संपवलं. ही दुरुस्ती झाली तेव्हा फत्तेसिंहराव ती मंजूर करणाऱ्या लोकसभेत सभासद होते. आपलं महाराजपण कायद्याने संपताना ते त्या सभागृहात निवडून आलेले प्रतिनिधी होते. तनखा गेला, खासदारकी राहिली. ती लोकांनी दिलेली होती.

आता जे सांगायचं आहे ते सुखाचं नाही, पण गाळता येणार नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये अहमदाबादेत दंगल उसळली. ती बडोद्यापर्यंतही आली. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी आयोगाच्या नोंदीप्रमाणे ६६० माणसं मेली. त्या वेळी जे मंत्रिमंडळ सत्तेवर होतं, त्यात फत्तेसिंहराव होते. गृह खातं त्यांचं नव्हतं, पण मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. ज्यांच्या पणजोबांच्या दरबारात मौलाबक्षांसारख्या गवयाला मान होता आणि त्याच पणजोबांच्या राज्यात आंबेडकरांना शिष्यवृत्ती मिळाली, त्यांच्या सरकारच्या काळात हे घडलं. लोकप्रतिनिधीच्या आयुष्याचा हिशेब करताना जमेच्या बाजूबरोबर हा आकडाही मांडला पाहिजे. माझ्या दृष्टीने ते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत काळं पान आहे, आणि राजा राहिले असते तर कदाचित त्यांना ते इतिहासावर ढकलता आलं असतं. मंत्री म्हणून ते ढकलता येत नाही.

मार्च १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची. देशभर संघटना काँग्रेसला अवघ्या सोळा जागा मिळाल्या. त्यातल्या अकरा गुजरातेतल्या, आणि त्या अकरांत एक बडोद्याची. फत्तेसिंहराव परत लोकसभेत गेले. मग १९७७. या वेळी लाट उलटी होती. आणीबाणीनंतरच्या रागात उत्तरेत काँग्रेस वाहून गेली, आणि फत्तेसिंहराव काँग्रेसचे उमेदवार म्हणून बडोद्यातून निवडून आले. म्हणजे १९५७ ला महागुजरातच्या लाटेविरुद्ध, १९७१ ला इंदिरा लाटेविरुद्ध आणि १९७७ ला जनता लाटेविरुद्ध. पक्ष त्यांनी बदलले, हे खरं. मतदार त्यांच्याबरोबर राहिला, हेही खरं. पहिली निवडणूक नावावर जिंकता येते, असं मी मघाशी म्हटलं. वीस वर्षांनंतरच्या विजयाला केवळ नाव पुरत नाही. हे घराण्याच्या पुढच्या उमेदवारांनीही अनुभवलं. त्यांचे धाकटे बंधू रणजितसिंह १९८० मध्ये जिंकले, पण १९९१ मध्ये त्याच बडोद्याने त्यांना हरवून रामायण मालिकेतल्या सीतेला, दीपिका चिखलिया यांना लोकसभेत पाठवलं. आणि १९९६ मध्ये गायकवाड आडनावाचेच काँग्रेसचे उमेदवार सत्यजितसिंह निवडून आले ते फक्त सतरा मतांनी.

फत्तेसिंहराव महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचे कुलपती होते. पणजोबांचं चरित्रही त्यांनी इंग्रजीत लिहिलं. १ सप्टेंबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न.

श्रोतेहो, १९६७ साली ज्यांनी पहिल्यांदा मतदान केलं, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात असे आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. महाराजांना मत का दिलं, किंवा का दिलं नाही, ते विचारा आणि लिहून ठेवा. नाही देणाऱ्यांचं तर आधी लिहून ठेवा. आणि दुसरी विनंती बडोद्याच्या मराठी मुलामुलींना. गुजरात विधानसभेच्या कामकाजाचे छापील वृत्तांत गुजरातीत आहेत. महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला ते सहज वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात, कारण तुमची शाळा गुजराती आणि घर मराठी. १९६७ च्या पहिल्या अधिवेशनापासून ते काढा. आरोग्य, मच्छीमारी आणि तुरुंग या खात्यांवरचे प्रश्न आणि त्यांना मंत्र्यांनी दिलेली उत्तरं वाचा, आणि मराठीत लिहा.