सादळलेला कातळ



आमची पिढी पाऊस अंगावर घेत सह्याद्रीतले कडे चढली. सर आली की कपारीत थांबायचं, ऊन पडलं की कातळावरून तळहात फिरवायचा, कोरडा लागला की पुन्हा दोर कमरेला. ही सवय मी अमेरिकेत घेऊन गेलो होतो. युटा राज्याच्या वाळवंटात, मोआब गावाच्या दक्षिणेला, इंडियन क्रीक नावाची दरी आहे. तिच्या दोन्ही अंगांना तांबड्या वालुकाश्माच्या सरळसोट भिंती, आणि भिंतींत पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेलेल्या उभ्या भेगा. भेगेत हात घालायचा, मूठ आवळायची, पाय वळवून अडकवायचा आणि वर सरकायचं. जगभरातले आरोहक त्यासाठी तिथे येतात.

ऑक्टोबर महिना होता. आदल्या रात्री तंबूवर चार-पाच तास पाऊस वाजत होता. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं झालं आणि दहा वाजेपर्यंत भिंत खडखडीत वाळलेली दिसायला लागली. मी दोर बाहेर काढला. तिकडेच राहणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, दोर आत ठेव. आज दगडाला हात लावायचा नाही."

"अरे, वाळलंय की सगळं."

तो काही न बोलता भिंतीच्या पायथ्याशी गेला आणि बोटांनी वाळू उकरायला लागला. वरचा थर भुरभुरीत होता. बोटभर खाली गेल्यावर वाळू गडद झाली आणि मुठीत दाबली की तिचा गोळा व्हायला लागला. "वरून वाळलाय," तो म्हणाला, "आतून सादळलाय."

सादळलाय! पापड सादळतो, चिवडा सादळतो. दगडाला हा शब्द लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि इतका नेमका शब्द मला त्यानंतरही कुठे सापडलेला नाही.

आपला काळा कातळ लाव्हारस थिजून झालेला. त्यातले स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. पाऊस पडला की तो निसरडा होतो, शेवाळ धरतो, पण पाणी त्याच्या गाभ्याला सहसा ढिला करत नाही. इंडियन क्रीकचा दगड मुळात वाळूच्या टेकड्यांचा. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या त्या टेकड्या गाडल्या गेल्या, दाबल्या गेल्या, आणि कणाकणांमध्ये चुन्याचा, मातीचा, लोहाच्या गंजाचा सांधा बसला. राजगिऱ्याच्या लाडवात दाणे गुळाने धरलेले असतात ना, तसंच. दाणा टणक असतो, पण लाडवाची ताकद गुळात असते. पावसाचं पाणी बारीक छिद्रांतून आत मुरतं आणि नेमका तो सांधा मऊ करतं.

किती मऊ? ब्रिटनमधल्या ३५ वालुकाश्मांवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. पाण्याने भिजल्यावर काहींची ताकद जेमतेम ८ टक्क्यांनी घटली होती, तर काहींची तब्बल ७८ टक्क्यांनी. समोरचा दगड यांतल्या कुठल्या जातीचा आहे, हे बोटांना कळत नाही.

आरोहकाचा जीव ज्यावर टांगलेला असतो, तो सगळा हिशेब इथे बिघडतो. भेगेत आपण कॅम नावाचं साधन बसवतो. आपण पडलो की त्याच्या पाकळ्या फाकतात आणि भेगेच्या दोन्ही भिंतींवर जोर देतात. जितका झटका मोठा, तितका जोर जास्त. कोरड्या दगडात हेच आपल्याला तारतं. ओल्या दगडात त्याच जोराने भिंतीची वाळू होते आणि कॅम तिच्यावरून घसरत बाहेर येतो. नेवाडातल्या रेड रॉक भागात भेगांबरोबर बोटांनी धरायच्या पातळ कपच्याही आहेत; पावसानंतर त्या हातात तुटून येतात. आणि तुटलेली कपची पुन्हा उगवत नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येकासाठी ती वाट बदललेली असते, कधी कधी संपलेलीही. जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर तर ओल्या दगडावर चढायला नियमानेच बंदी आहे. तिथे भेगेत धातूची साधनंही घालत नाहीत, दोराच्या गाठी अडकवतात. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

मोआबला वर्षाकाठी सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैच्या एका दिवसात कधी तेवढा होऊन जातो. उन्हाळ्याच्या शेवटी मोआबकडे येणाऱ्या पावसाला तिकडचे लोकही मान्सूनच म्हणतात. पाऊस थोडा, म्हणून तो पडला की आरोहकाला वाटतं, एवढ्याशाने काय होतंय. पण एक ते तीन दिवस थांबायचं, असा तिथला रिवाज आहे. सावलीतली भिंत असेल, थंडी असेल, तर आणखी जास्त.

आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी जवळच्या न्यूजपेपर रॉककडे गेलो. नाव इंग्रजी, पण नवाहो लोक त्याला 'गोष्ट सांगणारा दगड' म्हणतात. वालुकाश्मावर हजारो वर्षांत चढलेला काळसर पापुद्रा टोचून त्यावर हरणं, पावलं, घोडेस्वार कोरले आहेत. काही चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची मानतात. मी बराच वेळ त्या पापुद्र्याकडे बघत राहिलो. नखाएवढीही जाडी नाही त्याची. आम्हाला चढायच्या भेगेच्या कडांवरही तोच पापुद्रा होता.

तिसऱ्या दिवशी पायथ्याची वाळू मी स्वतः उकरली. मनगटापर्यंत कोरडी, मुठीतून सुळकन सांडणारी. मग आम्ही दोर बांधला.

समोर 'सुपरक्रॅक' नावाची भेग होती. १९७६ साली ती पहिल्यांदा चढली गेली तेव्हा पाकळ्यांचे कॅम बाजारात यायचे होते. धातूचे साधे षट्‌कोनी ठोकळे अडकवत ते पहिले आरोहक वर गेले. मी वर सरकत होतो. दगड उबदार होता, हाताला खरखरीत लागत होता, मूठ आवळली की तो घट्ट धरत होता. निम्म्याच्या वर गेल्यावर भेगेत, दोन्ही भिंतींवर, समोरासमोर फिकट चरे दिसले. बोटभर रुंद, वीतभर लांब, खाली ओढत आलेले. कुणाचा तरी कॅम तिथे घसरला होता, आणि त्याच्या वाटेवर काळा पापुद्रा जाऊन आतली गुलाबी वाळू उघडी पडली होती. मी त्यावरून बोट फिरवलं. त्या कोरड्या दिवशीही बोटाला थोडी वाळू लागली.

तिथे कॅम न लावता मी हातभर वर गेलो आणि अखंड दगड बघून तो बसवला.