मास्तरच्या हातात आधीच काय आहे?

(दाभोसा इथल्या युवक शिबिरातलं भाषण)

दोस्तहो, आणि दाभोशाच्या आयाबायांनो,



मी गोदीत गोणी उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. काल रात्री इथं वाद पेटला : शाळेत मास्तरला बंदूक द्यावी का? एक दोस्त म्हणाला, अमेरिकेत देतात. त्याला उत्तर द्यायला उभा राहिलोय.

देतात, खरं आहे. २०१९ साली फ्लोरिडानं वर्गात शिकवणाऱ्यांना मुभा दिली, २०२४ साली टेनेसीनं. तिथं पोरं वर्गात मारली जातात, हेही खोटं नाही. पण २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत १९ पोरं आणि २ बाई मेल्या, तेव्हा जवळपास ४०० हत्यारबंद पोलीस जमले होते. तासाच्या वर ते वर्गाबाहेर थांबून राहिले. ज्यांचा धंदाच बंदुकीचा, त्यांची ही गत. मग पाढे शिकवणाऱ्या बाईकडून काय मागता?

पेशावरच्या शाळेत १६ डिसेंबर २०१४ ला १४० वर माणसं मारली गेली, बहुतेक पोरंच. त्यानंतर तिथल्या प्रांत सरकारनं मास्तरांना हत्याराची परवानगी दिली. २०१५ सालीच स्वातमध्ये एका मास्तरच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली. मेलं कोण? त्याचाच विद्यार्थी.

आता आपल्याकडे या. आपल्या मास्तरकडे बंदूक नाही, पण तो रिकाम्या हाताचा आहे असं कोण म्हणतं? मी पाचवीत माठाचा पेला उचलला म्हणून मास्तरनं लाकडी पट्टीनं बोटं फोडली. वर्गात ओरडायचा, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा!’ आम्ही उभे राहायचो, बाकीचे हसायचे. त्या हसण्याला आवाज होता, रक्त नव्हतं. २०२२ साली राजस्थानात जालोरला नऊ वर्षांचं दलित पोर गेलं. माठाला शिवला म्हणून मास्तरनं मारलं, असं घरचे सांगत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम पोराला मारायला आणि मानसिक छळायला बंदी करतं. छडी तरी सुटली का? छडी ज्याच्या हातून सुटत नाही, त्याला पिस्तूल द्यायचं? ते कुणावर रोखलं जाईल, हे आपल्याला विचारा.

दोस्त म्हणाला, मग आपल्या मास्तरला द्या. नको. माझ्याही हातात रोज लोखंडी हूक असतो. पाळी संपली की तो खुंटीला लावतो. धाकट्याचा अभ्यास घेताना तो हातात असता, तर ‘दादा, हे चुकलंय तुझं’ असं म्हणायची त्याची छाती झाली असती का? हत्याराला कुणी प्रश्न विचारत नाही. आणि प्रश्न विचारायचा नसेल, तर आपल्याला शाळा हवी कशाला?

जोतीबा लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले होते. सावित्रीबाईंवर शेण-दगड पडत होते. हत्यार माहीत असलेल्या माणसानं शाळा चालवली ती पाटी-पेन्सिलीवर. चरित्रकार सांगतात, त्यांना मारायला आलेल्या दोघांपैकी धोंडिराम कुंभार पुढं शिकला, सत्यशोधक पंडित झाला. बंदूक असती तर एक मढं पडलं असतं, पंडित झाला नसता.

आणि तुमच्या जिल्ह्यातच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कुरणशाळा काढली. गुरं राखणारं पोर शाळेत येईना, तर शाळाच कुरणात गेली.

आयाबायांनो, पोरांना काय मारतं हे तुम्हाला माहीत आहे. याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२-९३ साली कुपोषणानं शंभरावर पोरं गेली. त्या मरणावर कुठली गोळी झाडणार?

म्हणून सांगतो. कायद्यानं शाळेच्या व्यवस्थापन समितीत पाऊण माणसं पालक लागतात, आणि निम्म्या बाया. त्या खुर्चीवर जाऊन बसा. अंगठा उठवून परत येऊ नका. विचारा : मास्तर रोज येतो का? पोरांच्या ताटात काय पडतं? माठ सगळ्यांचा एक आहे का? आणि कोपऱ्यात ती छडी कशाला ठेवलीय?

आधी ती छडी बाहेर काढू. बंदुकीचं मग बघू.

जय भीम.