साग लावताय? आधी बियाचं मूळ विचारा



भाताचं बी घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. हळवं की गरवं, विचारून घेतो. पण वरकस जमिनीत साग लावायचा म्हटलं की रोप कुठलंही चालतं! भात चुकला तर एक हंगाम जातो. साग चुकला तर पंचवीस-तीस वर्षं जातात.

मनोरकडचे एक शेतकरी मला म्हणाले, "साहेब, दारावर आलेल्या टेम्पोतून रोपं घेतली. सहाव्या वर्षीच फुलोरा आला आणि झाडांना बेचकी फुटली." मी विचारलं, "काका, बी कुठलं होतं?" म्हणाले, "ते कोण विचारतो?"

बंधूंनो, सागाचा फुलोरा शेंड्याला येतो. शेंडा फुलला की त्याची सरळ वाढ थांबते, बाजूचे फुटवे जोर धरतात. झाड लवकर फुललं की सोट आखूड राहतो. हा गुण बऱ्याच अंशी बियातून उतरतो. खाण तशी माती!

१९७० च्या दशकात निरनिराळ्या देशांत ठिकठिकाणचं सागाचं बी शेजारी-शेजारी लावून पाहिलं गेलं. जमीन एक, निगा एक. तरी वाढीत, सरळपणात आणि फुलण्याच्या वयात फरक पडला. आलापल्लीचा साग नामांकित आहे. पण तिकडचा पाऊस आपल्यापेक्षा बराच कमी. आपल्याकडे तो दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. म्हणून नाव ऐकून बी आणू नका. आपल्यासारख्याच पावसातलं, जव्हार-विक्रमगड-कासा भागातलं चांगल्या झाडांचं बी आधी बघा.

झाड निवडताना ते सरळ, उंच, बेचकं नसलेलं, निरोगी आणि भर वयातलं असावं. एकट्या झाडाचं बी घेऊ नये. स्वतःच्याच परागाचं बी कमजोर निघतं. पंधरा-वीस झाडांचं बी एकत्र करावं, आणि ती झाडं एकमेकांपासून लांब असावीत. राखीव जंगलातून घ्यायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

सुरुवातीला गळलेली फळं पुष्कळदा पोकळ किंवा किडकी असतात. ती झाडून टाका. जानेवारी-फेब्रुवारीत पडलेली पक्की फळं गोळा करा. गोणपाटात चोळून वरचं फुगीर टरफल काढा. मग रात्रभर पाण्यात भिजवून दिवसभर उन्हात वाळवा. असं दहा-बारा दिवस केलं म्हणजे उगवण सुधारते.

तयार रोपं किंवा सागजडी घेताना बी कुठलं, किती झाडांचं, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

आणखी एक. बोईसर-तारापूरकडे खाजणालगत, खारट किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत उत्तम बियाचा सागही टिकत नाही. किनाऱ्याच्या रेतीत सुरूचं झाड बरं.

तेव्हा बंधूंनो, येत्या पावसाळ्यात खड्डा खणण्याआधी बियाची आई बघून या. आज केलेली चौकशी तुमच्या मुलांच्या उपयोगी पडेल.